हातानं लावलेला उजेड

३ फेब्रुवारी, सोमवार

ग्राफिक्स कार्ड आलं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र काढणारं. विटेएवढं! सरांनी ते खोक्यातून असं काढलं, जसं प्रसूतिगृहातून बाळ बाहेर आणतात. दोन्ही हातांवर, अलगद, आणि आम्ही सगळे भोवती माना उंचावून. अख्खा स्टुडिओ त्यांना पाठीमागे मुकादम म्हणतो ते उगाच नाही. स्वतः कधी एक रेघ ओढली नसेल, पण कोणाला कुठल्या भिंतीवर चढवायचं ते पक्कं ठाऊक.

मशीनचं झाकण लागेना. उघडंच ठेवलं. मग आमच्या व्हिडिओ-खेळाच्या तिसऱ्या भागातला बंदराचा रस्ता लावला आणि नवा प्रकाश चालू केला.

ओल्या फरसबंदीवर कंदील हलतोय आणि त्याची सावली खरोखर हलतेय. कुणी रंगवलेली नाही, चिकटवलेली नाही. किरण कुठे आपटणार, कुठे उडणार, किती विरणार, सगळा हिशेब कार्ड जागच्या जागी करतंय. पंखे पिसाळल्यासारखे फिरत होते. मी मशीनच्या मागे हात धरला तर चटका बसावा अशी हवा.

मुकादम म्हणाला, "झालं! हातानं दिवे लावायचे दिवस संपले."

टाळ्या. मी पडद्याकडे बघतच नव्हतो, हिच्याकडे बघत होतो. आमच्या खेळांमधले दिवे ही लावते. लग्नाआधीपासून हेच हिचं काम. आणि सगळ्यांत जोरात टाळ्या हिच्याच!

५ फेब्रुवारी, बुधवार

विचारलंच आज. ही भांडी विसळत होती, मी पुसत होतो.

"तो परवा काय म्हणाला ते कळलं का तुला?"

"कळलं की."

"मग?"

"मग काय? खरं आहे ते."

पुढे तीच बोलत सुटली. इतकी वर्षं आम्ही उजेड 'भाजतो'. म्हणजे सूर्य कुठे, खिडकी कुठे, सावली कुठवर, हे सगळं आधीच मोजून भिंतीवर, जमिनीवर कायमचं चिकटवून टाकायचं. मग लोकांच्या घरच्या मशीनला काही करायला लागत नाही, नुसतं दाखवायचं. ते चिकटवणं म्हणजे हिचे डोळे, हिची मान, हिचे महिनेच्या महिने. एक दार सरकवलं की सगळी गल्ली पुन्हा भाजा.

"मला उजेड बघायचाय रे," म्हणाली. "किती दिवस चिकटवत बसू? परवा पहिल्यांदा वाटलं, दिवा लावला आणि तो लागला. बस."

मी म्हटलं, "अगं, पण दिवा आपोआप लागला तर तू काय करणार?"

"तू ना, लग्नाच्या दिवशीही मांडव पडेल का तेच बघत होतास."

बघत होतो. खोटं कशाला बोलू?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाय हलतोय. दिवसभर. शेजारचा म्हणाला, "भूकंप तुझ्याकडून येतोय का?"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज वृद्धाश्रमात बसलो. तळमजल्यावरची माझी खोली. लोकांच्या घरी जी साधी मशिनं असतात, चार-सहा वर्षं वापरलेली, धूळ खाल्लेली, तसली सगळी तिथे रांगेत मांडली आहेत. आमचा खेळ त्यांच्यावर चालतो की नाही ते बघणं, नसेल तर चालेपर्यंत प्रोग्रामवाल्यांच्या आणि चित्रवाल्यांच्या मागे भुणभुण लावणं, हे माझं काम. स्टुडिओत मी कुणाचा लाडका नाही हे सांगायला नको.

बंदराचा रस्ता लावला. नवा प्रकाश चालू — चित्र हलायला तयार नाही. माणूस एक पाय उचलतो, मग तुम्ही चहा पिऊन या, मग दुसरा पाय. नवा प्रकाश बंद — रस्ता चालतो, पण उजेडच नाही! भाजलेला उजेड या भागात केलेलाच नाही ना. सगळं पाण्यात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं राखाडी.

वर गेलो. मुकादम पाठ टेकून बसला होता.

"सर, साध्या मशीनवर काहीच दिसत नाही."

"मधली चित्रं मशीनला अंदाजानं भरू दे. आता सगळे तेच करतात."

"सर, ती कुबडी आहे. चालणाऱ्याला आधार म्हणून ठीक. आपण कुबडी देऊन शर्यतीत उतरवतोय."

"लोक नवीन कार्ड घेतील. दुसऱ्या भागाच्या वेळी घेतलंच होतं."

"तेव्हाचं कार्ड आणि आत्ताचं यात सर… महिन्या-दोन महिन्यांचा पगार जातो लोकांचा. न घेणारे?"

"ते मग आपले नव्हेत."

किती सहज म्हणाला! दुसऱ्या भागाच्या वेळी हाच माणूस स्टेजवर म्हणाला होता, प्रत्येक घरात आपला खेळ. खाली येऊन वृद्धाश्रमातली सगळी मशिनं उगाच बंद केली, उगाच चालू केली. बसवत नाही आणि उभंही राहवत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. "तुमचा तो खेळ अजून बनतोच आहे? अरे, मूल तरी नऊ महिन्यांत होतं!"

चार वर्षं झाली म्हटलं. "मग हत्ती असेल," म्हणाली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

एक प्रस्ताव लिहिला आणि पाठवून टाकला. तिसरा भाग दोन तऱ्हांनी काढायचा. मोठ्या कार्डवाल्यांना नवा प्रकाश. बाकीच्यांना भाजलेला, हातानं लावलेला. एकच खेळ, दोन उजेड.

हिला आधी सांगायला हवं होतं. सांगतो, आज सांगतो.

२ मार्च, रविवार

नाही सांगितलं. आणि मुकादमानं तिला शुक्रवारीच जाता जाता म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला वाटतं तू अजून थोडं भाजत बसावंस." दोन दिवस ती काही बोलली नाही. आज सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता:

"माझी नोकरी वाचवायला निघालास?"

"नोकरीचा काय संबंध? लोकांना खेळता यावं म्हणून—"

"माझ्याकडे बघून बोल."

बघून बोलता येईना.

"मी तुला सांगितलं होतं? एका शब्दानं?" ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं. "मी नवीन शिकतेय. मला त्यात मजा येतेय. आणि तू मला मागे ओढून म्हणतोस, ये गं, तुझ्याशिवाय लोकांचं अडलंय. तुझ्या भीतीला माझं नाव देऊ नकोस."

मी म्हणालो, माझ्या भीतीला दुसरं नाव आहेच काय? हे म्हणायला नको होतं. तिनं कप उचलला आणि दुसऱ्या खोलीत गेली.

इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो — अर्धा प्रस्ताव लोकांसाठी होता, अर्धा तिच्या नोकरीसाठी. कुठला अर्धा आधी सुचला ते मला माहीत आहे.

५ मार्च, बुधवार

बोलणं बंद. ऑफिसात शेजारच्या रांगेत, घरी शेजारच्या खोलीत. मोबाइलवर तिचा संदेश: "दूध." आणलं.

१० मार्च, सोमवार

ट्रेलर आला. जग वेडं झालंय. सगळीकडे बंदराचा तो ओला रस्ता आणि हलणारा कंदील. अर्थात तो विटेएवढ्या कार्डवर चालवलेला. ते कुठे सांगताहेत!

दुपारी मेहुण्याचा फोन. हिचा धाकटा भाऊ. दातांच्या कवळ्या बनवतो, पण जीव आमच्या खेळात. पहिले दोन भाग त्यानं किती वेळा संपवले असतील, त्याच्या बायकोला विचारावं.

"भावोजी, ताईचा रस्ता बघितला! माझं जुनं मशीन तुम्हाला माहीतच आहे. चालेल ना?"

"बघू," म्हणालो.

"बघू म्हणजे नाही. कवळी नीट बसेल का असं कुणी विचारलं की मीही बघू म्हणतो."

हसला. मी पण हसलो. मग बराच वेळ जिन्यात वर-खाली करत राहिलो.

११ मार्च, मंगळवार

प्रस्तावावर उत्तर आलं. एक शब्द. "नको."

२९ मार्च, शनिवार

ही बोलायला लागली. कारण फालतू — नळ गळत होता, दोघांनी मिळून चावी धरली, पाणी माझ्या तोंडावर. हसू आलं तिला. खेळाबद्दल मात्र अवाक्षर नाही. ठरल्यासारखं आम्ही दोघं त्या विषयाला वळसा घालून चालतोय. रस्त्यात खड्डा असावा आणि दोघांनाही त्याची जागा पाठ असावी, तसं.

तिसरा भाग बाहेरच्या घरांमधल्या मशीनवर लावून बघायची परवानगी मिळाली. दरवेळी मीच जातो, ओळखीच्यांकडे. यादीत पहिला मेहुणा. ही म्हणाली, "मी पण येते. त्याला माझा रस्ता मीच दाखवणार."

"अगं, त्याचं मशीन—"

"सगळ्यात खालच्या सेटिंगवर ठेव. थोडं अडखळेल. एवढं काय?"

तिनं खालच्या सेटिंगवर कधी बघितलेलंच नाही. वरच्या मजल्यावर सगळ्यांकडे मोठी कार्डं.

६ एप्रिल, रविवार

कसं लिहू?

मेहुण्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडदे ओढून ठेवलेले. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आणून ओळीनं मांडल्या होत्या. त्याची बायको, त्याच्या कामावरचे दोघं. "माझी ताई," असं सांगताना त्याची छाती फुगलेली. मशीन धुऊनपुसून लख्ख. पंखाही साफ केला म्हणे, ब्रशनं.

लावला खेळ. बराच वेळ नुसता काळा पडदा. मग बंदर आलं.

आलं म्हणजे एक चित्र आलं. मग काही नाही. मग दुसरं चित्र. पंखा असा किंचाळायला लागला की मेहुण्याच्या बायकोनं दचकून स्वयंपाकघराकडे बघितलं. कंदील एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मधलं काही नाहीच. समुद्राचं पाणी उभं.

मेहुणा म्हणाला, "छान आहे गं. पाणी… गोठलंय का? थंडीचा भाग आहे का हा?"

त्याला खरंच काहीतरी चांगलं बोलायचं होतं!

ही म्हणाली, "नवा प्रकाश बंद कर." मी केला. रस्ता चालायला लागला, पण तोच राखाडी. कंदील लटकलेला, उजेड कुठेच नाही. कामावरच्यांपैकी एक जण म्हणाला, "धुकं मस्त केलंय." मी हिच्याकडे बघितलं नाही, पण तिनं खुर्चीची कड घट्ट धरलेली दिसली.

मग मेहुण्यानं हळूच विचारलं, "ताई, तोवर दुसरा भाग लावू? यांना तुझी ती गल्ली दाखवतो."

लावला. लोण्यातून सुरी जावी तसा चालला. बेकरीच्या मागची अरुंद गल्ली, दाराच्या फटीतून पिवळा पट्टा पायरीवर पडलेला, वर भिंतीला निळसर संध्याकाळ. हिनंच लावलेली, हिनंच भाजलेली. मेहुण्यानं आपला माणूस पायरीजवळ नेऊन उभा केला आणि हात काढून घेतले.

"इथे मी येऊन थांबतो," म्हणाला. "कामावरून आलो की. पुढे जातच नाही बऱ्याचदा. हिला विचारा."

त्याची बायको म्हणाली, "आधी मला वाटायचं मशीन अडकलंय. मग कळलं, हेच अडकलेत."

सगळे हसले. ही पण हसली. आणि मग उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

परतताना गाडीत, अर्ध्या रस्त्यात:

"काम किती दिवसांत गोठवणार आहेत?"

"ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे साडेचार महिने."

"चार म्हण. शेवटच्या दोन आठवड्यांत मला कुणी हात लावू देणार नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "मी तुझ्यासाठी करत नाहीये, लक्षात ठेव."

"हो."

"आणि नोकरीसाठीही नाही."

"हो म्हटलं ना!"

७ एप्रिल, सोमवार

मुकादमाच्या खोलीला काचेची भिंत आहे. ही उभी, तो बसलेला. ही हात हलवतेय, तो मान. मग तोही उभा. माझ्या टेबलावरची संत्री मी सोलत बसलो, एकही खाल्लं नाही.

बाहेर आली. "मिळाले चार महिने. मी आणि दोघं जण. मूळ खेळ एका दिवसानंही अडला तर सगळं बंद."

"काय सांगितलंस त्याला?"

"सांगितलं, माझा भाऊ आपला नव्हे असं तुम्ही म्हणत असाल तर माझ्या तोंडावर म्हणा."

२४ एप्रिल, गुरुवार

ही आता खाली वृद्धाश्रमात माझ्याशेजारी बसते. वरच्या मजल्यावर तिला काही दिसत नाही म्हणे. म्हणजे सगळंच छान दिसतं! आमची दिवसभर घासाघीस, बाजारात चालावी तशी.

"या चौकातले तीन दिवे काढ, मशीन धापा टाकतंय."

"एक काढते."

"दोन."

"एक, आणि त्या म्हातारीच्या दुकानाची सावली. याच्यापुढे नाही."

"सावली हलकीच आहे, ती काढून काय होणार?"

"मग राहू दे दोन्ही!"

शेवटी दोन दिवे गेले. तासाभरानं बघतो तर तिनं उरलेल्या एकाचा रंग बदललेला आणि समोरच्या ओल्या भिंतीवर त्याची एक तिरीप चिकटवलेली. चौक आधीपेक्षा उजळ! आणि मशीन गप्प.

खुर्ची पायानं गोल फिरवली तिनं, एक गिरकी.

१६ मे, शुक्रवार

वाईट दिवस. मासळीबाजार मेमरीत मावत नाही. भाजलेल्या उजेडाचं हेच दुखणं आहे. मशीनला गणित करायला लागत नाही, पण ते सगळं चिकटवलेलं ठेवायला जागा लागते. बाजार आला की बाजूचा पूल गायब होतो. पूल आणला की बाजारातल्या भिंती काळ्या.

पूल म्हणजे हिचा जीव. दोन्ही कठड्यांवर दिव्यांची ओळ, खाली पाण्यात त्यांचे पाय. महिना गेला होता त्यात.

दुपारपर्यंत ती त्याच्याकडे नुसती बघत बसली. मी म्हटलं, मी काहीतरी करतो, थोडी जागा काढतो, आठवडा दे.

"आठवडा कुठून आणू?" म्हणाली, आणि एकेक करून पुलावरचे सगळे दिवे घालवले. शेवटी टोकाचा एक ठेवला. मग म्हणाली, "तू जा जरा बाहेर."

इमारतीला फेऱ्या मारल्या. पहारेकऱ्यानं विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?"

१० जून, मंगळवार

तिच्या डोळ्यांत थेंब टाकतो आता. रोज. डॉक्टर म्हणतात विश्रांती. डॉक्टरांना काय, बंदर भाजायचंय कुठे!

२२ जुलै, मंगळवार

आज दोन्ही उजेड शेजारी-शेजारी, सगळ्यांसमोर. डावीकडे विटेएवढं कार्ड, नवा प्रकाश. उजवीकडे माझ्या खोलीतलं एक म्हातारं मशीन, हिचा उजेड.

मला वाटलं होतं, चमत्कार होईल. कुणाला फरक कळणार नाही, मुकादमाचं नाक कापलं जाईल. तसं काही झालं नाही. फरक कळतो. डावीकडचं बंदर खरं आहे. उजवीकडे कंदील हलला तरी सावली जागची हलत नाही.

मुकादम म्हणाला, "डावं ते डावंच!"

आणि ही म्हणाली, "हो, तेच चांगलं आहे. मला विचाराल तर माझ्यापेक्षा किती तरी चांगलं. पण उजवं चालतंय."

तेवढंच. जागेवर येऊन बसली. मला राग यायला हवा होता, स्वतःच्या कामाची अशी किंमत करतात का? पण आला नाही. घरी येताना तिचा हात धरला. तिनं धरू दिला. एका हातानं गाडी चालवतोस, नीट बघ, एवढंच म्हणाली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गोठलं. आता कुणी हात लावायचा नाही. ही सोफ्यावर आडवी झाली ती बुटांसकट झोपली. संध्याकाळच्या उन्हात. मी बूट काढले.

३० सप्टेंबर, मंगळवार

खेळासोबत छापायची 'किमान गरज' आज लिहिली. म्हणजे कमीत कमी कसलं मशीन हवं, ती ओळ. दरवेळी मी लिहितो, दरवेळी वरून कुणीतरी फुगवतं. या वेळी मेहुण्याच्या घरी जे मशीन आहे तेच लिहिलं, शब्दन् शब्द. मुकादमानं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

आनंद व्हायला हवा. झालाय. तरी पाय हलतोच आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आला बाहेर. तिसरा भाग.

सकाळी सगळे ओरडत होते, दुपारी सगळे गप्प. नवा प्रकाश मोठ्या कार्डांवरही अडखळतोय! रस्ता ओलांडला की क्षणभर सगळं थिजतं. एवढा खर्च करून बसलेले लोक शिव्या घालताहेत. मुकादम कानाला फोन लावून येरझाऱ्या घालतोय. मला त्याची दया आली, येरझाऱ्यांतलं मला कळतं.

मग संध्याकाळी लोकांनीच एकमेकांना सांगायला सुरुवात केली: नवा प्रकाश बंद करा, जुना लावा. छान आहे. चालतो.

मेहुण्याचा फोन आलाच नाही. हिनं केला तर त्याची बायको म्हणाली, "पुलावर उभे आहेत. एका दिव्यापाशी. जेवायला बोलावलंय, येतील म्हणायचं."

हिनं फोन ठेवला आणि तोंड धुवायला गेली.

१९ ऑक्टोबर, रविवार

निम्म्याहून जास्त लोक हिच्या उजेडात खेळताहेत. आकडा आमच्याच मशीनवर आलाय, मी तीनदा ताडून बघितला.

जिन्यात भेटलेल्या अनोळखी माणसालाही सांगावंसं वाटतंय. सांगितलं नाही. शहाणा झालोय.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मुकादमानं हिला बोलावलं. काचेपलीकडे दोघंही बसलेली, या वेळी. ही बाहेर आली ती सरळ माझ्या टेबलापाशी.

"प्रकाशाचा वेगळा विभाग काढताहेत. मी प्रमुख. नवा आणि हातानं लावलेला, दोन्ही माझ्याकडे. माणसं मी निवडायची."

मी उभा राहिलो, खुर्ची मागे पडली. सगळे बघायला लागले.

"बघ," ती म्हणाली, "मांडव पडला का?"

नाही पडला! फेब्रुवारीपासून मी कशाला एवढा जीव टांगणीला लावला होता? ती तेव्हापासून सांगत होती. आज पहिल्यांदा दिवसभर नीट बसलो. आईला फोन केला, म्हटलं हत्ती झाला. म्हणाली, "बारसं कधी?"

५ नोव्हेंबर, बुधवार

उद्या मला बोलावलंय. अकराला. ही म्हणते, तुझंही काहीतरी चांगलंच असणार, तुझ्या त्या ओळीमुळेच खप टिकला हे त्याला कळतं. शर्ट इस्त्री केला. मेहुण्यासारखा!

६ नोव्हेंबर, गुरुवार

चौथा भाग लोकांच्या मशीनवर चालणारच नाही. आमच्याच मशिनांवर चालेल, दूर कुठेतरी, आणि इंटरनेटवरून घरोघरी पडद्यावर नुसतं चित्र जाईल. घरात कसलंही मशीन असो. त्यामुळे ते कसलं आहे याची काळजी वाहणारा माणूस लागणार नाही. महिनाअखेर वृद्धाश्रम रिकामा करायचा — मशिनं आणि मी.

"तुला हेच हवं होतं ना?" मुकादम म्हणाला. कुत्सितपणे नाही, चांगल्या मनानं म्हणाला. "कुणाच्याही घरी चालावं?"

हो म्हणालो.

ही घरी जायला खाली गाडीपाशी थांबली आहे. मधल्या मजल्यावर पायरीवर बसून हे लिहितोय.